एका आठवड्यातल्या दोन एकादश्या

॥ श्री ॥

के. आर. पुरम, बेंगळूरु
दि. १० जुलै २०२५

ती. नीरजाआत्यास,
सुप्रीताचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने रचतेस, तेव्हा पत्रच बरं हे मला आता पटलंय. गेल्या वेळी मी बढती हुकली म्हणून सांगितलं आणि तू धारवाडभर पेढे वाटून मोकळी झालीस!

तू विचारायच्या आत सांगते, तब्येत बरी आहे. सहा वर्षांपूर्वी तू मला दंडाला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलंस, त्यांनी बायपोलर म्हणून सांगितलं आणि गोळ्या सुरू केल्या, त्यानंतर मी पुन्हा तशी उधळले नाही. सकाळी मेट्रोत बसायचं, इंदिरानगरला उतरायचं, संध्याकाळी परत. माझ्या घरात राहणारी अंजली नागपूरची आहे. तिला माझी मराठी कानडी वाटते आणि मला तिचा वरणभात फिका वाटतो. बाकी आमचं छान जमतं.

ऑफिसची एक मजा सांगते. १ जुलैपासून आमची विमा कंपनी बदलली. आधी डॉक्टरांची फी, रक्ततपासणी, गोळ्या, सगळ्यांची बिलं लावली की पैसे मिळायचे. आता दरवर्षी सुरुवातीचा खर्च आपला आपण करायचा, तो ठरलेल्या रकमेच्या वर गेला की मग कंपनी देणार. त्याला डिडक्टिबल म्हणतात. ताप, साखर, गुडघेदुखी यांना ती रक्कम पाच हजार. मनाच्या आजाराला पन्नास हजार. माझे गुडघे दुखत असते तर किती बरं झालं असतं! पण मी भागवते आहे. स्वल्प ॲडजस्ट माडी, जरा सांभाळून घ्या, असं इथे बसपासून बायकोपर्यंत सगळ्यांना सांगतात, तसं मीही स्वतःला सांगितलं.

आणि ही बातमी तुझ्यासाठी राखून ठेवली होती. आषाढीपासून मी एकादशी धरली आहे. तुझ्यासारखीच निर्जळ. आता तरी मला घराण्याला शोभेलशी म्हण.

तुझा लोभ आणि तुझ्या शिव्या, दोन्ही चालू राहाव्यात.

तुझी,
सुप्रीता


॥ श्री ॥

धारवाड
दि. १७ जुलै २०२५

चि. सुप्रीता हिस,
नीरजाआत्याचे अ. उ. आ.

तुझी एकादशी वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. माझ्या पाठीमागे डब्यातले चुरमुरे फस्त करणारी तू, आणि निर्जळ! मठात भीमाचार्यांना सांगितलं, तर ते भर पंगतीत म्हणाले की श्रीवत्सरावांच्या मुलीने वडिलांचं नाव राखलं. तुझे अण्णा असते तर हसून लोळले असते. मी मात्र ऐटीत मान डोलावली.

पण घरी येताना डोक्यात किडा वळवळायला लागला. त्या दिवशी गोळ्यांचं काय करतेस? पाण्याशिवाय गिळतेस? डॉक्टरीणबाईंना विचारलंस का? देवाला तुझी घाई नाही, आधी त्यांना विचार.

आणि ते पाच अन् पन्नासचं काय ग? कुणी ठरवलं? गुडघा माणसाचा आणि डोकं काय शेजाऱ्याचं? मजा म्हणून काय सांगतेस, माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या वाचताना. पैसे कमी पडत असतील तर सरळ लिही. माझी पेन्शन मी काय वर घेऊन जाणार आहे? भागवते आहे हा शब्द मला आवडलेला नाही. तुझी आई याच शब्दावर आयुष्यभर राबली.

माझं शाकव्रत सुरू झालं, महिनाभर भाजी बंद. सोबत चटणीपुडी पाठवते आहे. अंजलीलाही वाढ, तिच्या वरणाला चव येईल.

आशीर्वाद आहेतच, आणि डोळाही आहे तुझ्यावर.

तुझी,
नीरजाआत्या


के. आर. पुरम
२३ ऑगस्ट, शनिवार

आत्या आत्या आत्या!

न. वि. वि. वगैरे तू भरून घे, मला वेळ नाही, इतकं सुचतंय ना! काल चिकपेटला गेले. तुझ्या त्या मंजुनाथांच्या दुकानात. आत्या, काय साड्या आहेत! इळकल, मोळकाल्मुरू, सगळ्या मी घेतल्या, म्हणजे पुष्कळ घेतल्या, कार्डावर. इंदिरानगरात एवढ्या मराठी बायका आहेत, पुण्याच्या, मुंबईच्या, त्यांना काय ठाऊक इळकल काय ते? मी विकणार. दुकान काढणार. तू गल्ल्यावर बसायचं. नोकरी कशाला करायची मग?

सुशांतला, आमच्या साहेबाला, मी एक पत्रच पाठवलं, ही कंपनी कशी चालवावी याचं. चांगलं लांबलचक आहे. त्याच्या साहेबालाही पाठवलं आणि त्याच्याही साहेबाला. अजून कुणाचं उत्तर नाही, थक्क झाले असतील.

झोप लागत नाही पण लागायची गरजच नाही, किती वेळ वाया जातो झोपेत! हे सगळं उपासाचं तेज आहे बघ. मंगळवारी एकादशी केली, काल परत एकादशी केली, कडकडीत, पाण्याचा थेंब नाही. गोळ्या एकादशीला बंदच असतात. इतकं हलकं वाटतं की बास. अंजली उगीच रडते. तिला म्हटलं, तू पण कर.

लवकर ये, गल्ला सांभाळायचाय!

सुप्री


॥ श्री ॥

धारवाड
दि. १४ सप्टेंबर २०२५

चि. सुप्रीता हिस,
अ. उ. आ.

मी सुखरूप पोचले. तुला झोप लागते आहे असं अंजलीने कळवलं, म्हणून आता भांडायला हरकत नाही. दोन आठवडे तुझ्याजवळ होते तेव्हा तोंड शिवून बसले, कारण आजारी माणसाशी भांडू नये असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आता ऐक.

तुझं पत्र आलं तेव्हा मी गौरीच्या तयारीत होते. साड्यांचं वाचलं, म्हटलं असेल हौस. सुशांतला पत्र, म्हटलं असेल खुमखुमी. पण मंगळवारी एकादशी आणि शुक्रवारी परत एकादशी? अग बये, कुठल्या पंचांगात एका आठवड्यात दोन एकादश्या येतात? स्मार्त आणि भागवत असा एका दिवसाचा घोळ होतो, तेवढा मला चालतो. तीन दिवसांचा नाही. तिथेच मला कळलं, तू पुन्हा उधळली आहेस. गणपती शेजारच्या सोयराबाईंच्या ओट्यावर नेऊन ठेवला, दहा दिवस बघा म्हटलं, आणि मिळेल त्या गाडीत बसले. आयुष्यात पहिल्यांदा घरचा गणपती टाकून गेले. त्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही. तो समजूतदार आहे.

तुझी उशी उचलली तर खाली निम्म्या तोडलेल्या गोळ्या. अय्यो देवा! महागाची गोळी अर्धी करायची, आणि ज्या दिवशी तीही परवडत नाही त्या दिवसाला एकादशी म्हणायचं, म्हणजे अंजली विचारणार नाही आणि आत्या कौतुक करेल. अस्सल आपल्या घरची युक्ती! उपास म्हटलं की आपल्यात कुणी प्रश्न विचारत नाही, हे तुला पक्कं ठाऊक. आणि मी मूर्ख मठात मिरवत होते.

डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं की लिथियमच्या गोळीला पाणी लागतं. दिवसभर थेंब घेतला नाही तर तीच गोळी रक्तात साचून माणसाला अपाय करते, आणि मध्येच बंद केली तर मन उधळतं. तू दोन्ही केलंस. म्हणून आजपासून तुला एकादशी नाही. हे मी सांगते आहे, मी, जिने चाळीस वर्षांत एक चुकवली नाही. त्या दिवशी भरपूर पाणी प्यायचं आणि पोटभर जेवायचं. पाप लागलं तर माझ्या नावावर मांड.

साड्यांचं मिटलं आहे. मंजुनाथांनी घडी न मोडलेल्या सगळ्या परत घेतल्या. जांभळी तू नेसली होतीस, ती मी ठेवून घेतली. महागाच्या गोळीच्या जागी बाईंनी त्याच औषधाची स्वस्तातली लिहून दिली आहे, ती जनऔषधीच्या दुकानात मिळते. दोन महिन्यांचं भरून ठेवलं. पण त्यांची फी आहे, तपासण्या आहेत, आणि दोन महिने काही जन्मभर पुरत नाहीत.

तेव्हा मुद्द्याचं. बाई म्हणाल्या की सतराच्या सालापासून कायदाच आहे, शरीराच्या आजाराला जसा विमा तसाच मनाच्या आजाराला द्यायचा. म्हणजे पाच तर पाच. ऑफिसात जा आणि विचार. घाबरत असशील तर घाबरत घाबरत विचार. पण अर्धी गोळी तोडलीस तर याद राख.

माया कमी झालेली नाही. रागाचा जोर आहे, ओसरेल.

तुझी,
नीरजाआत्या


॥ श्री ॥

के. आर. पुरम
दि. २२ सप्टेंबर २०२५

ती. नीरजाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. मला फार लाज वाटली. आता लाजेबद्दल लिहीत बसत नाही, कारण पुढचं जास्त महत्त्वाचं आहे.

मी कामावर रुजू झाले. सुशांत माझ्याशी काचेच्या भांड्याशी वागावं तसा वागतो. माझं ते पत्र सगळ्या मजल्याने वाचलं असावं. कॅन्टीनमध्ये मी बसले की बोलणं थांबतं. का उधळले होते ते कुणाला ठाऊक नाही. दारू प्यायले असं काहींना वाटतं म्हणे! मी ते खोडून काढलं नाही. आत्या, काय सांगू, दारू परवडली असं मलाही वाटून गेलं.

तरी गेले. स्मिता म्हणून आमच्या एचआरच्या मॅडम आहेत, पुण्याच्या. दार लावून घेतलं आणि कायद्याचं सांगितलं. मला वाटलं हसतील. हसल्या नाहीत. त्यांनी खाली बघत सांगितलं की नियम चुकीचा असेलही, पण विमा त्यामुळे स्वस्तात पडला आहे. मग दोन दिवसांनी परत बोलावलं. ऑफिस माझा सगळा खर्च आपल्या खिशातून देईल, जुलैपासूनचा आणि पुढचाही. अट एकच, मी हे कुणाला सांगायचं नाही आणि नियमाचा विषय परत काढायचा नाही. दसऱ्यातल्या आयुधपूजेच्या सुट्टीआधी सही करून द्यायची.

मी बाहेर आले आणि जिन्यात बसून रडले, आनंदाने. आत्या, मला हे हवं आहे. माझ्या गोळ्या सुटतील, तपासण्या सुटतील, तुझी पेन्शन तुझ्याकडे राहील. मी काही पुढारी नाही. मला फक्त झोप हवी आहे आणि नोकरी हवी आहे.

पण मजल्यावर आम्ही तीनशे माणसं. मी एकटीच कशी असेन? अजून कुणाच्या तरी उशीखाली तोडलेल्या गोळ्या असतील, आणि मी सही केली तर त्या तशाच राहतील. हे डोक्यातून जात नाही. काय करू ते सांग. तू सांगशील ते करीन.

लोभ ठेव. या वेळी फार गरज आहे.

तुझी,
सुप्रीता


॥ श्री ॥

धारवाड
दि. २६ सप्टेंबर २०२५

चि. सुप्रीता हिस,
अ. उ. आ.

मी काही सांगणार नाही. आजार तुझा, नोकरी तुझी, सही तुझी. सही केलीस तर मी पहिली म्हणेन बरं केलंस, आणि मनापासून म्हणेन. कुणाचं तोंड बंद करायला आपल्याला कुणी पाठवलेलं नाही आणि उघडायलाही नाही.

मी माझ्यापुरतं काय केलं तेवढं सांगते. गेल्या गुरुवारी द्वादशीच्या पारण्याला मठात गेले होते. पानं मांडली होती. भीमाचार्यांनी सगळ्यांसमोर विचारलं की सुप्रीताची एकादशी कशी चालली आहे. आता सहा वर्षं मी काय सांगत आले? पोरगी कामात असते, पोरगी दमते, पोरगीला पित्त आहे. त्या दिवशी जिभेवर पित्तच आलं होतं, पण बोलवेना. म्हटलं, आचार्य, तिची एकादशी बंद केली. तिला बायपोलर म्हणून आजार आहे, मनाचा, रोज गोळ्या घ्याव्या लागतात, त्यात निर्जळ उपास केला तर जिवाला धोका आहे. मोठ्याने बोलले, कारण मला स्वतःलाच कमी ऐकू येतं.

वाढणाऱ्याची पळी तशीच हातात. आचार्य फक्त बरं म्हणाले आणि पुढे गेले. माझ्या डाव्या हाताची बाई स्वल्प सरकून बसली, मनाचा आजार काय साथीचा असल्यासारखी! उठून जावंसं वाटलं. नाही उठले. पायस दोनदा मागून घेतलं आणि सगळ्यांच्या शेवटी हात धुतले.

तुझ्या लग्नाचं एक स्थळ सोयराबाई बघत होत्या, ते आता गेलं. जाऊ दे. ज्याला गोळीची भीती वाटते तो माझ्या पोरीला काय सांभाळणार? सुम्ने, उगीच नाटकं.

आता मला मठात जाताना काही आठवावं लागत नाही, मागच्या वेळी काय सांगितलं होतं आणि आज काय सांगायचं. डोकं हलकं झालं. एवढंच माझ्याकडे सांगण्यासारखं आहे. तुझं तू ठरव, आणि जे करशील ते जेवून, झोपून, गोळी घेऊन कर.

आशीर्वाद दोन्ही बाजूंना सारखेच.

तुझी,
नीरजाआत्या


॥ श्री ॥

के. आर. पुरम
दि. १४ नोव्हेंबर २०२५

ती. नीरजाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आयुधपूजेची हकीकत तुला पोस्टकार्डावर दोन ओळींत कळवली होती, त्यावर तू फक्त शाब्बास लिहून पाठवलंस. आज सगळं सांगते, कारण आज निकाल लागला.

पूजेला सगळा मजला जमला होता. संगणकांना हळदकुंकू, दारात कोहळा फोडलेला, बायका साड्या नेसून. मोठे साहेब बोलायला उभे राहिले. आपण सगळे एक कुटुंब आहोत, कुणाला काही विचारायचं असेल तर मोकळेपणाने विचारा, असं दरवर्षी म्हणतात आणि दरवर्षी सगळे टाळ्या वाजवून चुरमुऱ्यांच्या पुड्या घेऊन घरी जातात. स्मिता मॅडमचा कागद माझ्या पर्समध्ये होता, सही न केलेला. खरं सांगते, तोपर्यंत माझं काही ठरलं नव्हतं. सही करायलाच पेन आणलं होतं. पण कुटुंब हा शब्द ऐकला आणि डोक्यात तिडीक गेली. घरात कुणाचं पोट दुखलं तर औषध आणि कुणाचं मन दुखलं तर गप्प बस? मी हात वर केला.

माइक हातात आला. मी माझं नाव सांगितलं. मला बायपोलर आहे हे सांगितलं. ऑगस्टमध्ये सगळ्यांनी वाचलेलं पत्र दारूने नाही, गोळ्या बुडवल्यामुळे लिहिलं गेलं, आणि गोळ्या पन्नास हजारांच्या नियमामुळे बुडवल्या, हेही सांगितलं. मग विचारलं की गुडघ्याला पाच आणि डोक्याला पन्नास हे कुठल्या कायद्यात बसतं, आणि उत्तर मला एकटीला केबिनमध्ये नको, सगळ्यांना लेखी द्या. मोठ्या साहेबांनी माइक परत मागितला. मी दिला. टाळी एकानेही वाजवली नाही. मला वाटलं, निदान अंजली तिथे असती तर तिने वाजवली असती. घरी येऊन ढसाढसा रडले. तुझ्या डाव्या हाताची ती बाई आणि माझा अख्खा मजला, बरोबरीत सुटलो आपण.

पुढच्या आठवड्यात सुशांतने मला मोठ्या कामावरून काढलं. माझ्या तब्येतीच्या काळजीपोटी, असं म्हणाला. मी म्हटलं ही काळजीही लेखी द्या. अजून दिलेली नाही, मी रोज मागते. खर्च द्यायचा तो प्रस्तावही साहजिकच गेला. मी विमा कंपनीकडे तक्रार केली, ती नाकारली गेली, मग विमा लोकपालांकडे अर्ज केला. तुझ्या पेन्शनवर औषध घेत होते तेव्हा, आत्या, अनेकदा वाटलं की वेडेपणा केला. हो, हाच शब्द मनात यायचा. आणि मग मलाच हसू यायचं.

सुनावणीची तारीख लागायच्या आधीच विमा कंपनी नमली. आज सकाळी सगळ्या ऑफिसला पत्र आलं की मनाच्या आजारासाठीचा वेगळा नियम एक डिसेंबरपासून रद्द, सगळ्या आजारांना एकच, पाच हजार. मागची बिलं मात्र मिळणार नाहीत, म्हणजे ज्यासाठी भांडले ते मलाच सोडून सगळ्यांना पूर्ण मिळालं. मी अर्ज मागे घेतलेला नाही. मागची बिलंही काढीन त्यांच्याकडून.

ते पत्र मी जागेवर बसून वाचलं. सगळे आपापल्या पडद्याकडे बघत होते. मग पलीकडच्या रांगेतला एक मुलगा, ज्याच्याशी मी कधी बोललेही नाही, उठून आला आणि विचारून गेला की बिलं कुठे लावायची, कारण त्याला साखर आहे आणि यंदा त्याने लावलीच नाहीत. मी त्याला सांगितलं कुठे लावायची. त्याने विचारलं तुमची कुठे लावता. म्हटलं, तिथेच.

तिथेच, आत्या. त्याच खिडकीत, त्याच रांगेत. सहा वर्षं मी वेगळी आजारी होते. आता मी चारचौघांसारखी आजारी आहे.

लोभ होताच, आता दिमाखात कर.

तुझी,
सुप्रीता